फडकं बांधलं की उलटं

लाँड्रीत तिला सगळे इस्त्रीआजी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारा मुकादमसुद्धा त्या ओळीपाशी आला की मान वर करून विचारायचा, "इस्त्रीआजी आल्या का?" आणि ती टेबलामागून म्हणायची, "नाही आले. ही दुसरीच कुणीतरी घाम गाळतेय." बेचाळीस वर्षं एकाच टेबलापाशी उभं राहून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. जिभेची धार मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

लाँड्री गल्लीच्या टोकाला होती. दोन हॉटेलं आणि एक दवाखाना यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, रुमाल रोज सकाळी गाठोड्यांनी यायचे आणि संध्याकाळी घड्या होऊन जायचे. पुढच्या खोलीत धुण्याची यंत्रं, मधल्या चौकात वाळत घालायच्या दोऱ्या आणि मागे आजीचं लांबलचक टेबल. टेबलाखाली अभ्र्यांच्या ढिगात धुणाऱ्या बायांची पोरं. आया यंत्रांपाशी उभ्या असताना पोरं ठेवायची कुठे, याचं त्या गल्लीत दुसरं काही उत्तर नव्हतं.

मुकादमाने सुरुवातीला कुरकुर केली. "हे काय पाळणाघर आहे का?"

"नाही हो," आजी म्हणाली. "पाळणाघरात पाळणे असतात."

यावर काय बोलावं ते त्याला सुचेना, आणि सुचेपर्यंत तीन वर्षं निघून गेली.

टेबलाखाली मुख्य मंडळी चार. एक बोळकी, म्हणजे आजीची नात, तिच्या मुलाची मुलगी. पुढचे दोन दात पडलेले आणि त्या फटीतून येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ दाखवायची सवय. मग दोघी जुळ्या बहिणी. त्यांना सगळे 'मोजे' म्हणत, कारण त्या जोडीनेच असत आणि त्यातली एक नेहमी हरवलेली असे. चौथा 'कशाला'. त्याला काहीही सांगा, तो आधी "कशाला?" विचारायचा. त्याच्या आईने त्याचं बारसं करून ठेवलेलं नाव आता तिला स्वतःलाही आठवावं लागे.

या चौघांनी आजीच्या नाकी नऊ आणले होते. कारण टेबलावर वाफेची इस्त्री, आणि इस्त्री गरम. "हात लावू नकोस" म्हटलं की हात आधी तिथेच जायचा. "लांब हो" म्हटलं की पोर जवळ. एकदा एका मोज्याचं बोट भाजता भाजता वाचलं. त्या दिवशी आजीने ओरडून घसा बसवून घेतला, आणि ओरडण्याचा उपयोग किती होतो तेही तिच्या लक्षात आलं. पोरं तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती आणि कशालाचा हात परत टेबलाच्या कडेवर चढत होता.

दुसऱ्या दिवशी आजी इस्त्री तापवण्याआधी टेबलाखाली वाकली. कामाला लागताना घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून ती रोज डोक्याला एक लाल फडकं बांधायची. ते पोरांपुढे नाचवत ती म्हणाली, "ऐका रे सैतानांनो. तुम्हाला उलटंच करायचंय ना? करा. हे फडकं माझ्या डोक्यावर असलं की मी सांगेन त्याच्या उलटं करायचं. फडकं काढलं की सुलटं. जो चुकला तो बाद. बाद झाला त्याने दहा रुमालांच्या घड्या घालायच्या."

"कशाला?" कशालाने विचारलं.

"फडकं नाहीये डोक्यावर. गप्प बस."

तो गप्प बसला. मग आजीने फडकं बांधलं, इस्त्री तापवली आणि ठणकावून म्हणाली, "चला, सगळ्यांनी इस्त्रीला हात लावा!"

आठ हात झटकन पाठीमागे गेले. नेमकी त्याच वेळी आजीची सून चौकातून ओली चादर घेऊन आत येत होती. तिच्या हातून चादर खाली पडली.

"अहो आई, वेड लागलंय का तुम्हाला? पोरांना हात लावा म्हणताय?"

"ओरड अजून जोरात," आजी तिला म्हणाली. सून खरंच जोरात ओरडली, आणि टेबलाखालून चार आवाज एकदम आले, "काकी बाद! काकी बाद!" त्यातला बोळकीचा अर्थातच "आई बाद" होता. सूनबाईंनी पुटपुटत का होईना, दहा रुमालांच्या घड्या घातल्या.

नवखं पोर आलं तर आजी त्याला पहिले आठ दिवस टोपल्यांच्या कुंपणापलीकडे ठेवी, खेळ अंगात मुरेपर्यंत. बाकी लाँड्रीभर तोच खेळ सुरू झाला. आजी काम करता करता मध्येच फडकं काढायची, परत बांधायची, पोरांना गाफील पकडायची. पोरंही काही कमी नव्हती. "दोन अभ्रे दवाखान्याचे, एक टॉवेल हॉटेलचा, तीन रुमाल, आणि येताना उजव्या दोरीखालून ये," असं आजी एकदाच सांगायची आणि बोळकी चौक ओलांडून, मध्ये मोज्यांशी भांडण करून, तरीही बरोबर तेवढंच घेऊन यायची. फडकं असलं तर डाव्या दोरीखालून यायची. आणि पोरांपैकी कुणी फडकं बांधलं तर आजीलाही उलटं वागावं लागे. चौघांनी तिला बाद करायला काय काय डाव टाकले! कशालाने तर एकदा फडकं बांधून, डोळ्यांत पाणी आणून, "आजी, मला जवळ घेऊ नकोस," म्हणून बघितलं. आजीने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि कानात म्हणाली, "अजून लहान आहेस." तीन वर्षांत आजी एकदाही बाद झाली नव्हती. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

शिकवण्याबिकवण्याचं तिच्या मनातही नव्हतं. तिला बोटं शाबूत हवी होती, एवढंच.

मग चौघांचं शाळेचं वय झालं.

गल्लीच्या पोरांसाठी शाळा एकच होती आणि त्या शाळेत पहिलीच्या खोल्या दोन होत्या. पुढची रस्त्याच्या बाजूला, खिडक्यांची, फळ्यावर रंगीत खडूंची. मागची पाण्याच्या टाकीशेजारी. पहिल्या आठवड्यात बाई चाचणी घेत. समज असेल ते पुढे, नसेल ते मागे, 'तयारी होईपर्यंत'. ही तयारी कधी कुणाची झालेली गल्लीने पाहिली नव्हती. मागच्या खोलीत गेलेलं पोर दोनतीन वर्षांनी शाळेच्या मागच्याच दाराने बाहेर पडे आणि कुठेतरी कामाला लागे.

आजीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः सहा वर्षांची असताना त्याच खोलीत बसली होती. तिच्या आईने घरातून निघताना बजावलं होतं, मोठ्यांसमोर तोंड उघडायचं नाही. पोरीने आईचं ऐकलं. मास्तरांनी नाव विचारलं, रंग विचारले, बोटं मोजायला सांगितली, ती मान खाली घालून गप्प. मास्तरांनी 'मठ्ठ' असं लिहिलं, तिच्यादेखत, मोठ्याने उच्चारत. तिला आतून सगळं येत होतं. लाल येत होता, हिरवा येत होता, वीसपर्यंत आकडे येत होते. दोन वर्षं टाकीच्या पाण्याचा आवाज ऐकला आणि मग आईने लाँड्रीत आणली. बाकी आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टींची तिने टिंगल केली. या एका गोष्टीची तिला कधी करता आली नाही.

म्हणून चाचणीच्या दिवशी सकाळी तिने चौघांच्या कपड्यांना स्वतः कडक इस्त्री केली आणि फडकं न बांधता सांगितलं, "बाई विचारतील ते सगळं सांगायचं. तोंड उघडायचं. समजलं?"

दुपारी चौघं उड्या मारत परत आली. आजी टेबलापाशीच होती, पण सकाळपासून तिने तीन अभ्र्यांना डाग पाडले होते.

"आजी, एकपण बाद नाही!" बोळकी ओरडली. "चौघंपण शेवटपर्यंत!"

"कशालापण?"

"मीपण!" कशाला म्हणाला. "एकदापण कशाला नाही म्हटलं!"

आजीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सून आत आली. तिच्या हातात शाळेची चिठ्ठी होती आणि डोळे सुजलेले. चिठ्ठीत चौघांची मिळून एकच ओळ होती, बहुतेक वेगवेगळी लिहायचा बाईंना कंटाळा आला असावा. 'सूचना कळत नाहीत. रंगांचे ज्ञान नाही. अतिशय हट्टी. मागची खोली.' खाली लिहिलं होतं की यादी उद्या दुपारी कायम होईल.

आजीने इस्त्री बाजूला उभी केली. फडकं काढलं. बोळकीला टेबलावर बसवलं.

"काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. एक शब्द गाळू नकोस."

बोळकीने गाळला नाही. तिला पाठच होतं. "बाई म्हणाल्या, बसा. आम्ही उभे राहिलो. बाई म्हणाल्या, नाव सांग. मी तोंड घट्ट मिटलं. बाई म्हणाल्या, बरं, गप्प बस. मग मी जोरात नाव सांगितलं. लाल ठोकळे इकडे ठेव म्हणाल्या, मी तिकडे ठेवले. निळे तिकडे ठेव म्हणाल्या, ते इकडे ठेवले. घंटा वाजेपर्यंत थांबा म्हणाल्या, तर आम्ही चौघं एकदम पळालो. बाई मागून ओरडल्या, 'पळा, पळा अजून!' तर आम्ही लगेच थांबलो. बाईंना छान खेळता येतं, आजी. पण सारख्या चिडतात."

"पण उलटं का केलंत? मी फडकं न बांधता सांगितलं होतं ना?"

बोळकीने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तू नव्हतं बांधलं. बाईंनी बांधलं होतं. लाल. असं मागे गाठ मारून."

आजी आधी हसली. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुकादमसुद्धा काय झालं ते बघायला आला. मग तिचं हसू एकदम थांबलं, कारण तिला कळलं की पोरं हरली ती तिच्या खेळात जिंकल्यामुळे. ज्या खोलीची तिला आजवर टिंगल करता आली नव्हती, तिथे तिने स्वतःच्या हाताने चार पोरं धाडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने अर्धा दिवस रजा घेतली. मुकादमाला वाटलं, कुणीतरी गेलं.

चाचणीच्या बाई खोलीत एकट्याच बसल्या होत्या. वय पस्तिशीचं, चेहरा दमलेला आणि डोक्याला लाल रुमाल, कपाळापासून मानेपर्यंत गच्च. एक केस बाहेर दिसत नव्हता. आजी चौघांना दाराबाहेर उभं करून आत गेली आणि आडवळणं न घेता म्हणाली, "बाई, तो रुमाल काढून एकदा परत विचारा. सगळं येतं पोरांना."

बाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "माझ्या रुमालाचा काय संबंध?"

आजीने सगळं सांगितलं. इस्त्री, फडकं, उलटं, सुलटं. बाई ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर विश्वासाची रेघ नव्हती.

"आजी, दरवर्षी प्रत्येक आजीकडे एक कारण असतं. मागच्या वर्षी एकीने सांगितलं, पोराला डाव्या कानाने फक्त सकाळी ऐकू येतं. मी तीस मुलं तपासली आहेत. कुणाला रुमाल आडवा आला नाही."

"त्यांच्या घरी इस्त्री नसेल. बरं, माझ्यावर विश्वास नको. एक मिनिट माझ्याशी खेळा." आजीने पिशवीतून स्वतःचं फडकं काढून बांधलं. "उभ्या राहा."

बाई बसून राहिल्या.

"वा. डोळे मिटा."

बाईंनी डोळे मोठे केले.

"हुशार आहात. अहो, तुमची पेन्सिल पडतेय बघा, पकडा!"

बाईंनी झडप घालून पेन्सिल पकडली.

"बाद," आजी म्हणाली. "तीन सूचनांत. सूचना कळत नाहीत असं लिहू का?"

बाई हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिल्या. मग हळूच हसल्या. आजीने चौघांना आत बोलावलं आणि फडकं बांधत, सोडत, बांधत एकामागून एक हुकूम सोडले. उभे, बसा, डावा हात, नाक पकडा, लाल उचला, निळा ठेवा. पोरं एकदाही अडखळली नाहीत. एक मोजा तर पुढचं फडकं कधी येणार ते आजीच्या कोपरावरून ओळखत होती.

"हे यांना कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही हो. इस्त्री गरम असते."

बाईंनी ठोकळे गोळा करून परत ढीग केला. नंतर म्हणाल्या, "पण चाचणी मला माझ्या सूचनांनी घ्यावी लागेल. नेहमीसारखी."

"मग रुमाल काढा."

"तेच जमणार नाही."

"का?"

बाईंनी दाराकडे बघितलं. उठून दार लावलं. खिडक्याही लावल्या. आजीजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, "घरीच रंग लावला केसांना. पुडीवर तपकिरी लिहिलं होतं. आला भलताच. सहा दिवस झाले, नवऱ्यालासुद्धा दाखवलेले नाहीत." आजीने खालचा ओठ दातांत धरला. बाई पोरांकडे वळल्या आणि बोट उगारून म्हणाल्या, "मी आता रुमाल काढणार आहे. कुणीही हसायचं नाही!"

चौघं खो खो हसत सुटली. कशाला तर जमिनीवर लोळला.

"अजून काढलासुद्धा नाही!" बाई हताश झाल्या.

"म्हणूनच हसतायत," आजी म्हणाली. "काढा आणि मग सांगा."

बाईंनी रुमाल काढला. आत गाजर होतं. नुसतं गाजरही नाही, मध्येमध्ये हिरवट पट्टे होते. आणि बाई अगदी हळू, विनवणी केल्यासारख्या म्हणाल्या, "हसायचं नाही."

कुणीही हसलं नाही. बोळकीने दोन्ही ओठ आत ओढून घेतले, पण दातांची फट असल्यामुळे तिथून बारीक शिट्टी वाजू लागली. ती तिने बोट लावून बंद केली. मोज्यांनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. कशालाचं पोट उडत होतं, गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज नाही. आजीने हातातल्या फडक्याचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तीस मुलांच्या चाचणीत बाईंनी एवढा कठीण प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

मग बाईंनी बसा म्हटलं, चौघं बसली. नावं विचारली, नावं मिळाली. लाल इकडे आले, निळे तिकडे गेले. पाच वस्तू एकदाच सांगितल्या, त्या त्याच क्रमाने टेबलावर आल्या. घंटा वाजेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. कशालाने शेवटी फक्त एकच विचारलं, "बाई, तुम्ही असे केस कशाला केले?" त्यावर बाई म्हणाल्या, "चुकून." त्याला ते पटलं.

बाईंनी कागद पुढे ओढला. काहीतरी लिहिलं, काहीतरी खोडलं. मग रुमाल उचलून डोक्याला व्यवस्थित बांधला, मागे गाठ मारली, उभ्या राहिल्या आणि कठोर आवाजात म्हणाल्या, "चौघंही नापास. मागच्या खोलीत जा."

आजी मुलांच्या बुटक्या बाकावर मटकन बसली. तिच्या कानात टाकीचं पाणी वाजू लागलं. ती सहा वर्षांची होती आणि कुणीतरी तिच्यादेखत, मोठ्याने उच्चारत, कागदावर लिहीत होतं. "बाई," ती कशीबशी म्हणाली, "अहो, पण सगळं तर बरोबर सांगितलं त्यांनी. सगळं येतं हो त्यांना." आणि बेचाळीस वर्षं गरम इस्त्रीपुढे जिच्या डोळ्यांत फक्त घाम उतरला होता, ती इस्त्रीआजी हुंदके देऊन रडू लागली.

तिच्या आजूबाजूला धावण्याचा, ओरडण्याचा, बाक ढकलल्याचा गलका झाला. दार धाडकन उघडलं. तिने वर बघितलं तेव्हा खोलीत पोरं नव्हती. पलीकडे, रस्त्याच्या बाजूच्या खिडक्यांच्या खोलीत, दोघी मोजे पहिल्या बाकासाठी भांडत होत्या आणि कशाला रंगीत खडूंची पेटी उघडत होता.

बोळकी एकटी परत आली. तिने आजीच्या ओल्या तोंडाकडे बघितलं. मग बाईंच्या डोक्याकडे बघितलं. मग परत आजीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की तीन वर्षांची सगळी वाट बघणं त्यात दिसलं.

"आजी, बाईंच्या डोक्याकडे बघ की! रुमाल आहे!" ती किंचाळली. "तू बाद! आजी, तू बाद झालीस!"

आजीने बघितलं. लाल रुमालाखाली बाईंचे डोळेही ओले झाले होते.

"झाले ग," आजी म्हणाली. "बाद झाले."

संध्याकाळी साऱ्या लाँड्रीसमोर तिने दहा रुमालांच्या घड्या घातल्या. मुकादमसुद्धा मोजायला उभा होता. दहाच्या दहा वाकड्या आल्या, आणि त्याने त्या तशाच मोजून घेतल्या.